बिबट्याचा पोशिंदा

पिंजरे, वनखात्याच्या गाड्या आणि बाहेर धाडलेले बिबटे हा विषय जुन्नरमधील आमच्या कट्ट्यावर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वाद असतो तो पुढे काय करायचे याचा. भाऊसाहेबांचे उत्तर नेहमीप्रमाणे तयार होते आणि ग्रामसभेत बोलावे तसे उभे राहून त्यांनी ते दिले: "तालुक्यातले सगळे बिबटे एकदाच उचला, म्हणजे विषय संपला!"

"२००१ ते २००३ मध्ये तेच केले होते," प्राध्यापक म्हणाले. "पकडलेली जनावरे जवळच्या जंगलांत सोडली आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले."

"मग सोडूच नका."

"नाही सोडली, तरी इथले अन्न कुठे जाणार आहे? जागा रिकामी झाली की शेजारचा बिबट्या येईल." मग प्राध्यापकांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे, अमेरिकेचा समुद्रकिनारा गाठला. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तिथल्या एका खडकावरून शिंपले खाणारे तारामासे सतत काढून टाकले, तेव्हा शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि १५ प्रजातींच्या ८ उरल्या.

"आपल्याकडे समुद्र नाही," भाऊसाहेबांनी निकाल दिला.

"पण शिंपले आहेत," इतका वेळ गप्प बसलेला गेनूदादा म्हणाला. "ते रात्री तुमच्या पोल्ट्रीमागे भुंकत असतात."

गेनूदादा शेळ्या पाळतो, त्यामुळे त्याचे बिबट्यावर प्रेम असण्याचे काही कारण नाही, आणि माणसावर चटावलेला बिबट्या धरलाच पाहिजे, याबद्दल त्याचे दुमत नाही. मात्र पलीकडच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव किंवा गावातले निघाले आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, हे प्राध्यापकांनी सांगताच तो खुलला. "म्हणजे लपायला ऊस भाऊसाहेबांचा, ओढ्याकाठी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या भाऊसाहेबांच्या आणि त्यांवर पोसलेली कुत्रीही भाऊसाहेबांचीच. बिबट्याचा खरा पोशिंदा इथेच उभा आहे."

"मग कुत्री मारा!" भाऊसाहेब ओरडले.

प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. अनेक भक्ष्ये आणि अनेक भक्षक एकमेकांशी सैलसर बांधलेले असले, की एक दुवा तुटला तरी बाकीचे भार पेलतात. एखादे भक्ष्य कमी झाले की शिकारी दुसऱ्याकडे वळतो आणि पहिल्याला सावरायला अवधी मिळतो. आपल्या शिवारात मात्र घाण, कुत्रे आणि बिबट्या अशी आखूड साखळी उरली आहे, आणि तिच्या मुळाशी असलेली घाण कितीही खाल्ली तरी रोज नव्याने पडते. घाण तशीच ठेवून कुत्री मारली तर नवी कुत्री येतील, आणि ती येईपर्यंत भुकेला बिबट्या आधी गेनूदादाच्या गोठ्यात शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

"माझा गोठाच का?" गेनूदादा म्हणाला. "तसा माझा हिशेब सरळ आहे. बिबट्याने दोन शेळ्या नेल्या, त्यांचे पैसे वनखात्याने दिले. भाऊसाहेबांच्या कुत्र्यांनी तीन फाडल्या, त्यांचे अजून यायचे आहेत."

कट्टा हसून लोटपोट झाला, आणि भाऊसाहेबांनी घाईघाईने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"चहा तीन शेळ्यांत धरायचा का?" गेनूदादाने विचारले.