दोन टक्के वाचवायला निघाले होते

आईचा कोथरूडचा फ्लॅट अखेर गेल्या महिन्यात विकला. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे. विकायचं कारण एवढंच. "ब्रोकरला पैसे कशाला द्यायचे, दार उघडून दाखवायचंच ना?" अशी पोस्ट मी मागच्या वर्षी इथेच टाकली होती. ती काढलेली नाही. शोधा आणि हसा.

तेव्हा वेबसाइटवर स्वतःच जाहिरात दिली, "ब्रोकरनी फोन करू नये" असं ठळक लिहून. पहिल्या दोन दिवसांतले जवळजवळ सगळे फोन ब्रोकरचे. खरी गिऱ्हाइकं यायची ती रविवारी ऐन जेवणाच्या वेळेला. आई प्रत्येकाला चहा करायची आणि घर दाखवताना स्वतःहून सांगायची, "पावसाळ्यात या भिंतीला ओल धरते हं, आधीच सांगते." बाबांनी १९८८ साली हौसेनं करून घेतलेल्या सागवानी कपाटाकडे बघून एक जण म्हणाला, "हे सगळं तोडावं लागणार." त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला विकायचंच नाही."

मग ब्रोकर धरला. दोन टक्के दलाली मागत होता, एकावर आला. पहिलं काम त्यानं काय केलं, तर आईला सांगितलं, "काकू, मी माणसं घेऊन येईन तेव्हा तुम्ही देवळात जाऊन या." दुसरं, माझा आकडा खाली आणला. मी वेबसाइटवरचे भाव बघून एक कोटी दहा लाख धरून बसले होते. ते विकणाऱ्यांनी मागितलेले भाव. त्यानं आमच्याच गल्लीत नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे घर खरोखर कितीला विकलं गेल्याचं नोंदलंय ते दाखवणारे उतारे, समोर ठेवले. (नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर हे कोणालाही बघता येतं. इतकी वर्षं पुण्यात राहून मला माहीत नव्हतं.) पंधरा दिवसांत ९५ लाखांचं गिऱ्हाईक आलं, टोकन दिलं.

आणि तिथेच गाडी अडली.

बाबा गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून आईचं नाव चढवलं होतं. आमच्या लेखी विषय संपला होता. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलानं विचारलं, "मुलांची हक्कसोडपत्रं?" म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचे कागद. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस आम्ही तिघं: आई, मी आणि कॅनडातला भाऊ. भावाचं कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीनं इथे सही करण्याचा अधिकार देणारा कागद) तिकडे साक्षांकित करून मागवा, इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा, मग हक्कसोडपत्राची नोंदणी. या सगळ्यात अडीच महिने गेले. ते गिऱ्हाईक थांबलं नाही, टोकन परत केलं. पुढचं मिळालं ९२ लाखांचं. दोन टक्के म्हणजे पावणेदोन-दोन लाख वाचवायला निघालेल्या बाईनं तीन लाख घालवले.

हीच कागदपत्रं जाहिरातीच्या आधी वकिलाला दाखवली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं. म्हणून मला विचाराल तर घर विकताना पहिले पैसे वकिलाला द्या, ब्रोकरला नंतर. आपण उलट करतो. विकणाऱ्याला वकील कशाला, तो तर घेणाऱ्यानं करायचा, असं मलाही वाटायचं.

सीएकडेही मी उशिराच गेले, पण तिथे नशीब बरं होतं. विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा पैसे देतानाच एक टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापतो. भावाचा हिस्सा तसाच राहिला असता तर तो अनिवासी, त्याच्या हिश्श्यावर कितीतरी जास्त कापला गेला असता, आणि कमी दरानं टीडीएस कापण्याचा आयकर खात्याचा दाखला आधी काढला नाही तर रिटर्न भरेपर्यंत पैसे अडकले असते. शिवाय २००१ च्या आधीच्या घराला नफा मोजताना खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्याला व्हॅल्युअरचा, म्हणजे घराची किंमत ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल लागतो. मी बाबांची जुनी पावती घेऊन गेले होते! नफ्यावरचा कर १२.५ टक्क्यांनी भरायचा की खरेदीच्या किमतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हे सीएनं दोन्ही बाजूंनी मांडून दाखवलं.

ब्रोकरवर मी फिदा झालेय असं समजू नका. त्यानं समोरच्या पार्टीकडूनही एक टक्का घेतला, त्यामुळे किमतीची घासाघीस चालू असताना तो नेमका कोणाच्या बाजूनं बोलत होता हे मला आजही सांगता येणार नाही. "कागदपत्रं आमच्या ओळखीचे वकील करून देतात मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका," असंही म्हणाला होता. तिथे मात्र मी ठाम राहिले. दोघांकडून पैसे घेणाऱ्याचा वकीलही त्याचाच कसा चालेल?

पण खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो तेव्हा ब्रोकरशिवाय आमचं खरं नव्हतं. आईच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईचना. झिजलेली बोटं. मागे रांग, सर्व्हर हळू. त्यानं कुठूनसा ओला रुमाल आणला, आईची बोटं पुसली आणि एकेक करत शेवटी अनामिकेवर काम झालं. "साठ वर्षं भांडी घासलीत," आई त्या ऑपरेटरला म्हणाली.

वकिलांचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा. इथे टाकणार नाही. मागे सुताराचा टाकला होता, त्याला रात्री अकरा वाजता फोन गेले.