अँटवर्पला जमले ते चार शेजारी

ऑलिम्पिक जवळ आलं की जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासाचा एक मजकूर फिरायला लागतो. या वेळी तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातल्या एका ठिकाणी आमच्या जुन्या सरांनीच पाठवलेला. थोडक्यात म्हणणं असं: पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स हा प्राचीन ग्रीकांचा खेळ. 1896 ला अथेन्समध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि देशोदेशींनी आपले निवडक खेळाडू पाठवले. जगज्जेता ठरवण्यासाठी 1881 लाच संघटना निघाली होती, तिने 1903 ला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली. खेळ तेव्हापासून आहे तसाच आहे. दहापैकी दहा मात्र 1976 पर्यंत कुणालाच मिळाले नव्हते.

सरांना उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

ग्रीकांचं आधी उरकतो. शब्द त्यांचा, साधनं त्यांची नव्हेत. प्राचीन ऑलिम्पियात धावणं, कुस्ती, थाळीफेक, रथांच्या शर्यती होत्या. सिंगल बार, डबल बार नव्हते. ते आले बर्लिनजवळच्या हासेनहाइडेच्या मैदानातून. फ्रीडरिश यान यांनी 1811 मध्ये तिथे उघड्यावर आखाडा काढला. नेपोलियनकडून मार खाल्लेल्या प्रशियात (तेव्हाच्या बड्या जर्मन राज्यात) पोरं तयार करायची, हा हेतू. म्हणजे मुळात ही देशभक्तांची तालीम होती. दुसऱ्या देशाच्या माणसाशी गुण मोजून स्पर्धा करायची, हे त्यात बसतच नव्हतं. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

कारण 1896 ला अथेन्सला जर्मन गेले ते घरच्यांशी भांडून. डॉइच टुर्नरशाफ्ट या तिथल्या बड्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचा जाण्यालाच विरोध होता. गेलेल्यांनी पदकं लुटली: हेर्मान वाइनगेर्टनर सिंगल बारवर पहिला, आल्फ्रेड फ्लाटो डबल बारवर, कार्ल शूमान व्हॉल्टमध्ये, म्हणजे लाकडी घोड्यावरून उडी मारण्यात. परत आल्यावर संघटनेने सत्कार केला नाही, बंदी घातली. सिंगल बारच्या सांघिक स्पर्धेत तर जर्मनीसमोर दुसरा संघच उतरला नव्हता. डबल बारवर तीन संघ होते, त्यातले दोन ग्रीकांचेच.

‘निवडक खेळाडू’ कसे होते ते दोरीच्या चढाईत बघा. चौदा मीटरचा दोर, पाच स्पर्धक, वर पोचले दोघेच आणि दोघेही ग्रीक. निकोलाओस आंद्रियाकोपुलोसने 23.4 सेकंद घेतले. उरलेल्यांत व्हिगो येन्सन आणि लॉन्सेस्टन एलियट हे वेटलिफ्टिंगचे विजेते! एलियट शेवटचा आला. (हा एलियट जन्मला आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात, कलादगीला. ते गाव आता कर्नाटकात आहे.) याच एलियटला कुस्तीत कुणी पाडलं? व्हॉल्ट जिंकणाऱ्या शूमानने. साडेपाच फुटांच्याही आतला हा माणूस कुस्तीचं विजेतेपदही घेऊन गेला. ज्याला जे जमेल त्यात त्याने उतरायचं, असा तो मामला होता.

आता 1881. संघटना खरी, साल खरं, हेतू खोटा. 23 जुलैला बेल्जियममधल्या लिएजमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स एवढे तीन देश एकत्र आले. नाव होतं युरोपीय संघांचं, जगाचं नव्हे. ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव 1921 ला लागलं. संस्थापक निकोला कुपेरुस यांना तर स्पर्धांचं वावडं होतं. शेकडो माणसांनी एका तालात कवायत करावी, मेळावे व्हावेत, हे त्यांना आवडायचं. एकाने जिंकावं, बाकीच्यांनी हरावं हे नाही. फ्रान्सचे शार्ल काझाले स्पर्धेच्या बाजूचे. कुपेरुस यांचं मन वळायला दोन दशकं गेली. जगज्जेता ठरवायला निघालेली संघटना 22 वर्षं गप्प बसेल का?

1903 ला बेल्जियममधल्या अँटवर्पला स्पर्धा झाली, फ्रान्सचा जोसेफ मार्टिनेझ जिंकला, इथपर्यंत बरोबर. पण आले होते बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. रेल्वेने सहज गाठता येईल अशा अंतरातले चार शेजारी! तेव्हा तिला आंतरराष्ट्रीय सामनेच म्हणत. ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप’ ही पाटी नंतर मागे जाऊन लावली आहे. 1896 गाजवणारे जर्मन तिथे नव्हतेच.

‘आहे तसाच आहे’ हे वाचून मात्र मी मोठ्याने हसलो. 1900 ला पॅरिसमध्ये एकच वैयक्तिक स्पर्धा होती, सोळा प्रकारांची. त्यात लांब उडी, बांबूउडी, वजन उचलणं हे सगळं होतं. पहिले अठरा नंबर फ्रेंचांचे. यजमानांनी पंगतीत आधी स्वतःलाच वाढून घ्यावं तसं. 1912 ला स्टॉकहोममध्ये खरं जिम्नॅस्टिक्स कुठलं यावरच एकमत होईना, म्हणून तीन वेगवेगळ्या सांघिक स्पर्धा ठेवल्या. स्वीडिश पद्धतीच्या स्पर्धेत स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, बस्स.

आणि 1904 व 1932 मध्ये चक्क आपल्या तालमीतले मुद्गल होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी मुद्गलांची जोडी फिरवणं इथून उचललं, हलकं केलं आणि ‘इंडियन क्लब’ म्हणून पश्चिमेत पसरवलं. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिकला ते फिरवायला चार जण होते, त्यात भारताचा एकही नाही. सरांच्या मजकुरात नेमकं हेच नाही.

राहिले दहापैकी दहा. 1976 ला माँट्रियलमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा घेतले ते थोरच, पण ऑलिम्पिकमधले पहिले दहा तिचे नव्हेत. 1924 ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या आल्बेर सेगँला व्हॉल्टमध्ये पूर्ण दहा मिळाले. दोरीवर तर दह्यांची खिरापत होती. नऊ सेकंदांच्या आत वर पोचला की दहा, असा नियम. पाय लावायचे नाहीत, सगळं हातांवर. पायाच्या अंगठ्यात दोर धरून चढणाऱ्या आमच्यासारख्या दोरी-मल्लखांबवाल्यांचे तिथे हालच झाले असते. चेकोस्लोव्हाकियाचा बेडरिख शुपचिक 7.2 सेकंदांत वर गेला आणि जिंकला. दहा गुण मिळाले बावीस जणांना. वेळेवरून पदकं ठरली ती चार, तिसरा क्रमांक दोघांत वाटून. उरलेले अठरा दहापैकी दहा घेऊन हात हलवत घरी गेले.