चाळीस यार्ड पळाला, पुढे काय?

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांच्या, आणि आता त्यांच्यात मिसळून गेलेल्या आपल्या मराठी मंडळींच्याही, फोनवर एकच मजकूर फिरायला लागतो. इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं, कम्बाइन भरतं. ड्राफ्टला, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याला, उभी राहणारी तीनशेच्या वर कॉलेजची पोरं तिथे उड्या मारतात, वजनं उचलतात आणि ४० यार्ड, म्हणजे साधारण ३६.६ मीटर, सरळ रेषेत पळतात. मजकूर म्हणतो: ‘घड्याळ खोटं बोलत नाही. ज्याची वेळ कमी तोच पुढे चमकतो. ख्रिस जॉन्सन बघा, टायरीक हिल बघा. वेग शिकवून येत नाही. आणि संघ काय उगाच कोट्यवधी डॉलर लावतात?’

यंदा तो मला तीन जणांकडून आला. एकाने खाली ‘आता बोल’ असंही लिहिलं होतं. तर बोलतो.

आधी घड्याळ. ऑलिम्पिकमध्ये बंदूक वाजते आणि धावपटू दचकून सुटेपर्यंतचा वेळही त्याच्याच खात्यावर पडतो. कम्बाइनमध्ये बंदूक नाही. खेळाडू मनाला येईल तेव्हा सुटतो, तो हलताना दिसला की एक माणूस बटण दाबतो, आणि शेवटी प्रकाशाचा किरण तुटला की घड्याळ थांबतं. म्हणजे शेवट यंत्राचा, पण सुरुवात कुणाच्या तरी बोटाची. कॉलेजं आपल्याच मैदानावर अशाच चाचण्या घेतात त्या ‘प्रो डे’ला तर बऱ्याचदा दोन्ही टोकं हातातल्या स्टॉपवॉचवरच असतात, आणि हाताने मोजलेली वेळ साधारणपणे कमीच भरते. टायरीक हिलची ४.२९ ही वेळ अशाच प्रो डेची. त्याला कम्बाइनचं बोलावणंच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाला आणि त्याच्या मित्रांना शाळेच्या मैदानावर हे ४० यार्ड पळवले. रेषेवर मी आणि माझा मेहुणा, दोघांच्या हातात फोन. एकाच पोराची एकच धाव माझ्याकडे ५.६१ आणि त्याच्याकडे ५.४३. ‘भावोजी, तुमचा अंगठा म्हातारा झालाय,’ इति मेहुणा. कम्बाइनमधले लोक आमच्यापेक्षा नक्कीच तयारीचे, पण तिथे चर्चा चालते ती ०.०२ सेकंदांच्या फरकावर!

आता उदाहरणं. ख्रिस जॉन्सन २००८ मध्ये ४.२४ सेकंदांत पळाला, टेनेसी टायटन्सने त्याला २४व्या क्रमांकावर घेतलं आणि २००९च्या हंगामात त्याने धावून २,००६ यार्ड काढले. शंभर टक्के खरं. पण ४.२४ हीच वेळ १९९९ मध्ये रॉन्डेल मेलेंडेझच्याही नावावर होती. तो २४७वा निवडला गेला आणि नियमित हंगामात एकही सामना खेळला नाही. मजकुरात त्याचं नाव का नाही, हे उघड आहे.

त्याहून बोलकी जोडी २०२२ची. दोघेही कॉर्नरबॅक, म्हणजे फेकलेला चेंडू झेलायला पळणाऱ्याला रोखणारे बचावपटू. केलन बार्न्स ४.२३, तारिक वूलन ४.२६. घड्याळानुसार बार्न्स सरस. वूलनने सिअ‍ॅटलसाठी पहिल्याच हंगामात ६ इंटरसेप्शन घेऊन, म्हणजे समोरच्यांनी फेकलेला चेंडू सहा वेळा मध्येच पकडून, लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक गाठला. बार्न्सला त्याच्या संघाने हंगामाआधीच सोडून दिलं.

याला उलट उत्तर म्हणून लोक लगेच टॉम ब्रेडी पुढे करतात: ५.२८ सेकंद, १९९वी निवड, तरी सात सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकलेला. मला हे उदाहरण नको. क्वार्टरबॅकचं मुख्य काम चेंडू फेकण्याचं, पळण्याचं नाही; त्याची वेळ काढणं म्हणजे तबलजीचा आवाज तपासणं. दिग्गज रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जेरी राइसच्या ४.७१ वरही मी भिस्त ठेवत नाही. त्याची वेळ जितकी तोंडं तितकी सांगितली जाते. बोलायचं तर ज्यांच्या कामात वेग खरोखर लागतो आणि ज्यांची वेळ कम्बाइनमध्येच मोजली गेली, त्यांच्याबद्दल बोलू.

२०१७. वॉशिंग्टन विद्यापीठाचा रिसीव्हर जॉन रॉस ४.२२ सेकंदांत पळाला. तोवरचा कम्बाइनचा विक्रम. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला ९व्या क्रमांकावर उचललं. त्याच कम्बाइनमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२ सेकंदांत पळाला आणि रॅम्सने त्याला तिसऱ्या फेरीत, ६९वा, घेतलं. ०.४० सेकंद म्हणजे कागदावर साडेतीन-चार मीटरची पिछाडी. थोडी नव्हे.

रॉसच्या पहिल्या हंगामात एकही झेल नाही. दुसऱ्यात २१ झेल आणि त्यातले ७ टचडाउन (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार), म्हणजे वेग कामाला येत नव्हता असं नाही. दुखापतींनीही त्याला छळलं, तेवढं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. पण २०२१ मध्ये कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलेलं असताना त्याच्याच टचडाउनने सामना फिरवला. समोर कोण? बेंगल्स.

कपचं खेळणं सावकाश करून पाहा. तो बचावपटूवर सरळ चालून जातो, जणू पार पलीकडे निघाला आहे. समोरचा पाठीमागे पावलं टाकत असतो, त्याचं वजन टाचांवर गेलेलं. तेवढ्यात कप कंबर खाली घेतो, दोन आखूड पावलांत वेग मारतो आणि आत वळतो. चेंडू येतो तेव्हा बचावपटू अजून वळतोच आहे. खो-खोत हुलकावणी देणारा पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको: कळीचं ते थांबणं. ४० यार्डांच्या धावेत थांबणं, वळणं, समोरच्याला चकवणं यातलं काहीच मोजलं जात नाही. तिथे हात जमिनीला टेकवून, हेल्मेट आणि पॅडशिवाय, रिकाम्या मैदानावर पळायचं असतं. सामन्यात रिसीव्हर उभ्याने सुटतो आणि पहिल्या दोन पावलांतच कुणीतरी छातीवर हात देतं.

‘वेग शिकवून येत नाही’ हे अर्धं खरं. कमाल वेग जन्माचा असेल, पण ही चाचणी मात्र शिकवून येते. हंगाम संपला की पोरं एजंटांच्या ओळखीच्या प्रशिक्षण केंद्रांवर दोन-दोन महिने फक्त सुटण्याचा पवित्रा आणि पहिली दहा यार्ड घोटवतात. मग मोजतोय काय, वेग की तयारी?

आता माझ्या बाजूला न बसणारी गोष्टही सांगतो. लुइव्हिल विद्यापीठाच्या फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर अ‍ॅडम्स यांनी २००८ मध्ये क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांच्या कम्बाइनच्या आकड्यांची पुढच्या कामगिरीशी तुलना केली. सातत्याने टिकणारा संबंध मिळाला नाही, एक ठळक अपवाद सोडून: रनिंग बॅकची धाव. ते पटण्यासारखं आहे, कारण चेंडू हातात घेऊन फटीतून सुटणं हे सरळ धावेच्या जवळचं काम. पण तिथेही नुसती वेळ पुरत नाही. बिल बार्नवेल यांनी मांडलेल्या ‘स्पीड स्कोअर’मध्ये पौंडातल्या वजनाला २०० ने गुणून वेळेच्या चौथ्या घाताने भागतात. २०० पौंडांचा गडी ४.४० पळाला तर गुण १०६.७; २२५ पौंडांचा ४.५० पळाला तर १०९.७. हळू पळणारा पुढे! ख्रिस जॉन्सन १९७ पौंडांचा असूनही जवळजवळ १२२ वर जातो, म्हणून तो ख्रिस जॉन्सन.

शिवाय कम्बाइनला पोचलेले सगळेच वेगवान असतात, हे विसरलं जातं. खरे मंद कॉलेजातच गळाले. आपल्याकडे पोलीस भरतीला १६०० मीटर पळावं लागतं, आणि तिथे कमी पडला त्याची वर्दी गेली. पण भरती झालेल्यांमध्ये जो पहिला आला तोच उत्तम तपास करील, असं कुणी म्हणत नाही. ४.७५ पळणाऱ्या कॉर्नरबॅकला मीही घेणार नाही. ४.३५ आणि ४.४५ यांच्यात निवड करताना मात्र घड्याळ खिशात ठेवीन.

राहिले ‘संघ काय उगाच’ म्हणणारे. २००९ मध्ये रेडर्सनी ४.३० पळालेल्या डॅरियस हेवर्ड-बेला ७वा घेतला. पायाच्या दुखापतीमुळे धावलाच नाही तो मायकल क्रॅबट्री १०वा गेला. हेवर्ड-बेचे कारकिर्दीतले झेल दोनशेच्या आसपास, क्रॅबट्रीचे सहाशेच्या वर, आणि २०१५ मध्ये त्याच रेडर्सनी क्रॅबट्रीला करारबद्ध केलं. संघ उगाच पैसे लावतात का? कधीकधी, हो.

उलट रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे आणि व्यवस्थापक लेस स्नीड यांनी अलीकडे कम्बाइनला जाणंच सोडलं. २०२३ मध्ये त्यांनी पाचव्या फेरीत, १७७वा, पुका नाकुआ निवडला. त्याने कम्बाइनमध्ये ४० यार्ड धावलेच नव्हते. पहिल्या हंगामात १०५ झेल, १,४८६ यार्ड. नवख्या खेळाडूसाठी तेव्हाचे दोन्ही विक्रम.