आधी इथे काहीच नव्हतं म्हणे

आज दुपारी लेकीबरोबर लंडनच्या रॉयल व्हिक्टोरिया डॉकवर, म्हणजे तिथल्या जुन्या गोदीवर गेले होते. तिला तिथे भाड्याने घर हवंय. घर दाखवायला आलेला मुलगा चांगला होता, अदबीने बोलत होता. बाल्कनीतून पाण्याकडे हात करून म्हणाला, "पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, पण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

काहीच नव्हतं? अरे, ज्या पाण्याकडे तू हात केलास ते पाणीच माणसांनी खणून आत आणलंय. ही व्हिक्टोरिया गोदी 1855 ची, शेजारची अल्बर्ट 1880 ची, किंग जॉर्ज 1921 ची. जगभरातलं धान्य, मांस, फळं इथे उतरायची आणि ती उतरवणाऱ्यांची घरं या भिंतींना लागून होती.

माझे बाबा इथे आले होते. 1963 चा जानेवारी, इंग्लंडमधला त्या शतकातला सगळ्यात थंड महिना. एकोणीस वर्षांचा कोकणातला पोर, डेकवरचा खलाशी, पहिलीच सफर. बोट धक्क्याला लागत होती आणि सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्यांना दोरावर उभं केलं होतं. हात उघडे, बोटं बधिर. खाली धक्क्यावर उभा असलेला एक गोरा गोदी कामगार ते बघत होता. त्याने आपले हातमोजे काढले, एकात एक कोंबले आणि वर फेकले. बाबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी नुसता हात वर केला. त्यानेही केला. एवढीच ओळख. जाड चामड्याचे ते मोजे आमच्या ट्रंकेत असायचे, उजव्या अंगठ्याला ठिगळ लावलेले. लहानपणी माझे दोन्ही हात एका मोज्यात मावायचे.

तो माणूस म्हणजे "काहीच नव्हतं"?

या लोकांचा इतिहास तुम्हाला मी काय सांगायचा! रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. 1889 साली तासाला सहा पेन्स मागण्यासाठी त्यांनी पाच आठवडे संप केला आणि जिंकला. पोटाला चिमटा बसला तेव्हा थेट ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी पैसे पाठवले. 1940 च्या सप्टेंबरात पहिले मोठे बॉम्ब पडले तेही याच वस्त्यांवर. आणि आता त्यांच्यापैकी काय उरलंय? क्रेन. पाण्याकाठी ओळीने उभ्या आहेत, रंगवलेल्या, शोभेच्या. लोक खाली उभे राहून फोटो काढतात. क्रेन जपली आणि क्रेनवरचा माणूस पुसून टाकला, याचा मला संताप येतो. खरंच येतो.

हो, गोद्या बंद पडणारच होत्या, कळतं मला. कंटेनर आले, बोटी अवाढव्य झाल्या, माल नदीच्या मुखाकडच्या टिलबरी बंदरात गेला. 1967 पासून एकेक करत 1981 पर्यंत सगळं थांबलं. त्यात या मुलाचा काय दोष. आणि त्या जागी काहीच व्हायला नको होतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. पाणी स्वच्छ आहे, पोरं त्यात होड्या वल्हवत होती, बघून बरं वाटलं. तिकडे कॅनरी व्हार्फजवळ साखरेच्या जुन्या वखारीत संग्रहालय आहे, तेही मान्य. ती वखार ज्या वेस्ट इंडिया डॉक्सची, तिथली साखर गुलामांच्या घामाची होती, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. पण इतिहास एका इमारतीत ठेवला म्हणजे बाकीच्या सगळ्या परिसराला विसरायची मुभा मिळते का?

आणखी एक, म्हणजे कुणी खाली कमेंटमध्ये लिहायला नको. 1968 साली लंडनच्याच काही गोदी कामगारांनी इनोक पॉवेल या स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या खासदाराच्या बाजूने, आपल्यासारख्यांच्या विरोधात, संसदेवर मोर्चा नेला होता. माहीत आहे. मोजे देणारा त्या मोर्चात होता का, हा प्रश्न मी बाबांना एकदा विचारला होता. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "असेलही. पण त्या दिवशी हात माझे गारठले होते."

परवापर्यंत मला हे उत्तर पुरेसं वाटत नव्हतं. आज त्या कठड्याला हात लावून उभी राहिले तेव्हा वाटलं.

आम्ही उभ्या होतो तेवढ्यात अल्बर्ट आणि किंग जॉर्जच्या मधल्या जमिनीवर एक विमान उतरलं. 1987 पासून तिथे विमानतळ आहे. जिथे बाबा महिन्या-दीड महिन्याचा प्रवास करून पोचले, तिथे लोक तासाभरात उतरून कॉफी प्यायला जातात. जाऊ देत, सुखात राहू देत. फक्त एखाद्या भिंतीवर लिहा ना, इथे कोण राबलं ते. सारंग, त्यांच्या हाताखालचे तांडेल, भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, स्वयंपाक करणारे भंडारी, आणि खाली धक्क्यावरचे ते सगळे. जेवढा काठ चालले, तेवढ्यात मला तरी अशी एक पाटी दिसली नाही.

लेकीला घर आवडलंय. घेईल ती, आणि मी नाही म्हणणार नाही. तिच्या आजोबांनी जे पाणी बधिर हातांनी पाहिलं ते ती रोज खिडकीतून पाहील, हे मला आवडेलच.

उद्या कागद करायला तोच मुलगा येणार आहे. मोजे आता धाकट्या भावाकडे असतात. त्याला आत्ताच मेसेज केलाय, उजेडात नीट फोटो काढून पाठव, अंगठ्याचं ठिगळ दिसेल असा. त्या मुलाला दाखवायचाय.