दोहाच्या रेफरीने आपला वर्ल्ड कप चोरला नाही

२०२६च्या वर्ल्ड कपचा विषय निघाला की नाशिकच्या फुटबॉलवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. गंगापूर रोडच्या टर्फवर रात्रीचा खेळ आटोपून पोरं बूट सोडत बसतात, तेव्हा कुणीतरी तो मोबाईलवर काढतोच. मजकूर थोडक्यात असा: ११ जून २०२४ला कतारविरुद्धच्या सामन्यात दोह्यात रेफरीने भारताचा वर्ल्ड कप चोरला. चेंडू बाहेर गेलेला असताना कतारला गोल दिला. निदान बरोबरी जरी राहिली असती तरी आपण पुढे गेलो असतो. आणि आपल्या फेडरेशनमध्ये दम असता तर सामना पुन्हा झाला असता. सोबत स्क्रीनशॉट, त्यात चेंडूभोवती लाल वर्तुळ.

त्या वर्तुळाबद्दल वाद नाहीच. छांगटेच्या गोलमुळे आपण १-० पुढे होतो. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने हेडर अडवला, चेंडू त्याच्या मागे घरंगळत गोललाइनबाहेर पूर्ण गेला. कतारच्या हाश्मीने तो पायाने आत ओढला आणि युसुफ आयमनने जाळ्यात मारला. गोल चुकीचाच होता. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची सोय, नव्हतं, लाइनमनला दिसलं नाही, विषय संपला. रेफरीला शिव्या घाला, मीही घातल्यात. पण मेसेजमधली पुढची वाक्यं या एका खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून फिरतात.

‘वर्ल्ड कप चोरला.’ कुठला? ती पात्रतेची दुसरी फेरी होती. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो, म्हणजे आशियातल्या १८ संघांत. तिथे सहा-सहांचे तीन गट आणि प्रत्येकातून फक्त दोघांना थेट तिकीट. जपान, इराण, कोरिया, ऑस्ट्रेलिया तिथेच उभे होते. गेलं ते निराळंच, २०२७च्या आशिया कपचा थेट प्रवेश. त्याचं दुःख मोठं आहे, पण ते या मेसेजात कुणी लिहीत नाही.

‘बरोबरी राहिली असती तरी.’ इथे जरा कागद-पेन घ्या. गटातून दोघेच पुढे जाणार होते, त्यातलं कतार आधीच गेलेलं, म्हणजे उरली एकच जागा. आपण पाच गुणांवर संपलो. बरोबरी झाली असती तर सहा. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला १-० हरवलं आणि ते सातवर गेले. म्हणजे १-१ असतं तरी आपण बाहेरच होतो. आपल्याला विजयच हवा होता. आता तो चुकीचा गोल नाकारला असता तर उरलेली १७ मिनिटं आपण १-० टिकवलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि मेसेज लिहिणाराही सांगू शकत नाही. एवढंच दिसतं की ८५व्या मिनिटाला कतारच्या अल-रावीने मारलेला दुसरा गोल अगदी कायदेशीर होता. आणि समोर कतारचा मुख्य संघही नव्हता. आधीच पात्र ठरल्यामुळे त्यांनी तरुण पोरं उतरवली होती.

खरा हिशोब त्याआधीच्या सामन्यांत आहे. कोलकात्यात कुवेतशी ०-०, आपला कप्तान सुनील छेत्रीचा त्या वेळचा निरोपाचा सामना. साऱ्या देशाचे डोळे निरोपाकडे, गोलचं कुणाला सुचलंच नाही. तो एक सामना जिंकला असता तर आपण सातवर, कुवेत सहावर. त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटी, अफगाणिस्तान. त्यांचे कितीतरी नेहमीचे खेळाडू स्वतःच्याच फेडरेशनशी भांडून घरी बसलेले. छेत्रीचा १५०वा सामना, त्यानेच पेनल्टीवर गोल केला, आणि तरी आपण १-२ हरलो. तिथे जिंकलो असतो तर आठ गुण झाले असते, मग दोह्यात काहीही होवो. सहा सामन्यांत आपले गोल तीन, त्यातला एक ही पेनल्टी. गुवाहाटीच्या रेफरीचा स्क्रीनशॉट कुणाच्या मोबाईलमध्ये आहे का?

राहता राहिलं ‘सामना पुन्हा झाला असता’. फेडरेशनने तक्रार केली होती, चौकशीही मागितली होती. पण चेंडू बाहेर होता की आत, गोल झाला की नाही, यावर मैदानातल्या रेफरीचा शब्द अखेरचा, असं नियमांतच लिहिलंय. सामना पुन्हा खेळवल्याचं उदाहरण आहे, पण ते वेगळ्या चुकीचं. सप्टेंबर २००५, ताश्कंद, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकांनी पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच एक खेळाडू आधीच बॉक्समध्ये घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायची. रेफरीने उलट बहारीनला फ्री किक दिली. म्हणजे बघण्यात नाही, नियम लावण्यात चूक, म्हणून फिफाने १-० असा संपलेला तो सामनाच रद्द केला. पुन्हा खेळले तर १-१ झालं आणि अखेर बहारीन पुढे गेलं. तक्रार मात्र उझबेकिस्तानने केली होती!

भारताचे प्रशिक्षक स्टिमाच यांना दोहानंतर आठवड्याभरात पदावरून काढलं. मग आशिया कपची दुसरी वाट उरली होती, गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. १४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा मैदान, सिंगापूर. दोह्यासारखाच छांगटेने गोल केला, आपण १-० पुढे. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरची बरोबरी, ५८व्या मिनिटाला त्यांचा दुसरा गोल. पुन्हा १-२, आणि आशिया कपही गेला. सिंगापूरच्या दोन्ही गोलांच्या वेळी चेंडू सरळ आत होता.