तुका थंय बसून बरें सुचता

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि दोन दिवसांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर निरोप आला: देवळाच्या वर्धापनदिनाची नाट्यगीतांची मैफल रद्द. जवान सीमेवर असताना आपण गाणी ऐकत बसणं शोभत नाही, हे कारण. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी लंडनहून विचारलं, पेटीवाल्याची आणि तबलजीची बिदागी तरी देणार ना? त्यावर भावोजींचा व्हॉइस मेसेज आला, ‘‘तुका थंय बसून बरें सुचता.’’ तुला तिकडे बसून बरं सुचतं.

सुचतं खरं. पण मला हे सुचलं ते लंडनच्या क्रिकलवूडमधल्या एका पबात, मार्च 2003 मध्ये.

तेव्हा मी तिथे भाड्याच्या खोलीत राहायचो. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ जवळच होतं, पण तिथे गाणं सणासुदीला. कोपऱ्यावरच्या आयरिश पबात मात्र दर मंगळवारी बैठक. मंच नाही, माईक नाही. फिडलवाला, बासरीवाली, बाउरान नावाचा हातात धरायचा डफ वाजवणारा एक म्हातारा. जो येईल तो खुर्ची ओढून गोलात बसणार. पहिल्याच रात्री मला गणेशचवथीची घुमट आरती आठवली, मातीच्या घुमटावर कातडं ताणून वाजवतात ती. (बाउरानला बकऱ्याचं कातडं असतं. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यापासून आपल्या घुमटालाही तेच. जुने वाजवणारे अजून कुरकुरतात, नाद गेला म्हणून.)

18 मार्चचा मंगळवार. ब्रिटिश संसदेत इराकवरच्या युद्धाचं मतदान. महिनाभर आधी, 15 फेब्रुवारीला, याच शहरात युद्धाविरुद्ध माणसांचा पूर लोटला होता. पोलिसांनीच आकडा 7,50,000 सांगितला होता. पबातला टीव्ही आवाज बंद करून चालू होता. रात्री निकाल दिसला: सरकारच्या बाजूने 412, विरोधात 149.

वाद्यं कुणी खाली ठेवली नाहीत. पण दोन चिजांच्या मध्ये जे भांडण जुंपलं, तसं मी आपल्या ग्रामसभेतही पाहिलेलं नाही. बासरीवाली मोर्चात चाललेली. फिडलवाल्याचा भाचा ब्रिटिश फौजेतून कुवेतमध्ये पोचलेला. दोघं एकमेकांवर ओरडायची आणि मग त्याच दमात पुढची सुरावट एकत्र उचलायची. मधूनच भांडण भलतीकडे वळे. त्या दिवसांत दारूच्या परवान्यांचा नवा कायदाही संसदेत होता. 1964 च्या कायद्याने पबात दोन वादकांपर्यंत करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. ती सवलत काढून घेणार होते, आणि त्याच वर्षी कायदा झाला. बाउरानवाला म्हणाला, बगदादवर बॉम्ब पडायची वेळ आली असताना आमच्या दोन खुर्च्यांची कोण दाद घेणार! आपल्याकडे रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरवरून जत्रेतल्या नाटकवाल्यांची हीच रड असते.

मग एक इंग्रज माझ्याकडे वळला. तुमच्या गोव्यातही फौजच घुसली होती ना?

घुसली होती. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषदेत भारताने फौजा मागे घ्याव्यात असा ठराव आला, त्याच्या बाजूने 7 मतं पडली, विरोधात 4. ब्रिटन त्या सातांत होतं. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला आणि दुसऱ्या दिवशी 451 वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. माझ्या वडिलांनी तेव्हा गूळ वाटला होता. ते पबात सांगताना माझी जीभ जड झाली, कारण त्याच तोंडाने मी नुकता इराक युद्धाचा निषेध करून बसलो होतो. परकी राजवट घालवणं वेगळं आणि समुद्रापलीकडून जाऊन दुसऱ्याचं राज्य उलथणं वेगळं, असं मी म्हणालो. आजही तेच म्हणेन. पण गोंयकाराला ‘सगळी युद्धं वाईट’ असं सरळ म्हणून सुटता येत नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी मी घरी फोन केला होता. गावी मध्यरात्र उलटलेली, शिगम्यातली, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवातली, रात्र. आईचं बोलणं ढोलताशांत बुडत होतं, मधूनच ‘ओस्सय’ची आरोळी येई. मी युद्धाचं सांगितलं, तर ती म्हणाली, कुवेतमधल्या शेजाऱ्याच्या मुलाचा फोन लागत नाही, त्याची आई तिकडे होळीजवळच बसली आहे. ढोल कुणी थांबवला नव्हता, आणि त्या बाईला कुणी एकटंही सोडलं नव्हतं. मुळात शिगम्यातली घोडेमोडणी तरी काय आहे? कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन, लढाई जिंकून आलेल्यांचा नाच. आमच्या गावाला युद्ध आणि वाद्य यांची नव्याने ओळख करून द्यायला नको.



भावोजींच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. 2003 मध्ये क्रिकलवूडवर बॉम्ब पडणार नव्हता. गोव्यात नौदलाचा तळ आहे, मे महिन्यातली भीती खरी होती, आणि सायरन वाजेल म्हणून मैफल पुढे ढकलली असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण कारण भीतीचं दिलं नव्हतं, शोभेचं दिलं होतं. 7 जुलै 2005 ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, 52 माणसं मेली. पुढच्या मंगळवारी बैठक बसली. गर्दी कमी होती, बाउरानवाला बराच वेळ नुसता बसून होता. शोभत नाही असं कुणी म्हणालं नाही.

मैफल रद्द केल्याने समितीचं काही गेलं नाही, उलट मंडपाचा खर्च वाचला. गेलं ते पेटीवाल्याचं. मे महिन्यातल्या चार सुपाऱ्यांवर तो पावसाळा काढतो. त्याला बोलावून, सगळ्यांना एकत्र बसवून, मध्यंतरात युद्धावर कडाकडा भांडता आलं असतं. ग्रुपवर तेवढं भांडण होत नाही, तिथे फक्त हात जोडतात.

बिदागीचा प्रश्न मी जूनमध्ये पुन्हा टाकला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. अजून तेवढ्याच आहेत.