तीन टक्क्यांवरचा मुक्काम

मंडळाची स्मरणिका बडोद्यात छापता येत नाही असं नाही. पण आमच्या अध्यक्षांचे व्याही पुण्यात छापखाना चालवतात, आणि व्याह्यांकडे कोटेशन मागायची पद्धत नाही. त्यामुळे दरवर्षी गणपतीच्या तोंडावर पीडीएफ पुण्याला धाडायचं काम माझ्याकडे येतं, कारण मंडळात ‘कॉम्प्युटर येणारा’ मी एकटाच. म्हणजे मला मराठी टायपिंग येतं.

यंदाची फाइल ३८ एमबीची. मोडेम नवा, आईने विणलेला क्रोशाचा रुमाल अंगावर घेऊन ऐटीत बसलेला. फाइल चढवायला लावली. ३ टक्के. चहा झाला, ३ टक्के. दांडिया बाजारात जाऊन दळण टाकून आलो, तरी ३ टक्केच. बरं, नेट बंद म्हणावं तर आई शेजारच्या खोलीत अखंड कीर्तन बघतेय. अध्यक्षांचा ‘पाठवलं ने?’ हा मेसेज येतो, माझा ‘चालू आहे’ हा तत्परतेने जातो. स्मरणिका तेवढी हलत नाही.

दुपारी कंपनीचा मुलगा आला. खाली येणाऱ्या वेगाचा आकडा दाखवून म्हणाला, “काका, नेट तो चाले छे ने!” वर जाणारा काटा शून्यावर आडवा पडला होता. तिकडे बोट दाखवलं तर म्हणाला, “ए तो एवुं ज होय.” मग मोडेम बंद करून चालू केला, पोहे खाल्ले आणि गेला.

आई म्हणाली, “काकू आज रात्रीच्या गाडीने पुण्याला चाललीय. तिच्याकडे दे की.” बडोद्याच्या मराठी घरात पुण्याला जाणारं माणूस कधी कमी पडत नाही. लीलो चेवडो, पापड आणि पेन ड्राइव्ह एका पिशवीत घालून काकू निघाली. मी सुटलो.

रात्री दहाला सहज फाइल चाळली आणि घाम फुटला. पान ७ वर ‘आजीव सभासद’ असं ठळक शीर्षक हवं, तिथे एक काना गळून झालं होतं ‘अजीव सभासद’. खाली बेचाळीस नावं, फोटोंसकट.

काना लावला, फाइल पुन्हा चढवली. ३ टक्के. वायर बदलली, रुमाल काढला, गणपतीला नमस्कार केला. ३ टक्के. शेवटी रात्री एक वाजता हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला उठवलं. त्याने जांभई देत विचारलं, “मामा, तुझा एमटीयू किती आहे?”

मला वाटलं, तब्येतीचं विचारतोय.

मग त्याने कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग करायला लावलं, म्हणजे पलीकडे हाक मारून ओ येते का बघायचं, तेही पाकिटाचे तुकडे न करण्याच्या अटीवर. १४७२ बाइट पाठवले, उत्तर नाही. १४६४ पाठवले, लगेच उत्तर! त्यात २८ पत्त्याबित्त्याचे मिळवायचे, म्हणजे १४९२. इथे मला गोष्ट कळली: एमटीयू म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा. कॉम्प्युटर १५०० बाइटांची पाकिटं भरतो. आमचा मोडेम पीपीपीओई नावाच्या पद्धतीने कंपनीला जोडलेला, तो प्रत्येक पाकीट आणखी एका वेष्टनात घालतो आणि त्या वेष्टनाचेच आठ बाइट होतात. उरले १४९२. दोन ओळींचा मेसेज आरामात मावतो, स्मरणिकेचं भरगच्च पाकीट दारात अडतं. नियमाने मोडेमने उलट निरोप द्यायचा असतो की ‘बाबा, मोठं आहे, लहान करून पाठव.’ आमचा मोडेम मुलगी बघून गेलेल्या घरासारखा: होकार नाही, नकार नाही, नुसता गप्प. आणि कॉम्प्युटर वधूपित्यासारखा तेच पाकीट पुन्हा पाठवतोय, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून.

गायकवाड सरकारने १८६२ साली डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले, त्यावर गाडी बैल ओढत. ते बैलसुद्धा मियागामला पोचायचे हो.

भाच्याने सांगितलेली ओळ टाइप केली, कॉम्प्युटरला १४९२ ची शिस्त लावली. ४ टक्के! मी आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “उरलेले छ्याण्णव सकाळी दाखव.” दोन वाजून दहा मिनिटांनी फाइल पुण्यात पोचली आणि मी राजासारखा झोपलो.

सकाळी साडेदहाला व्याह्यांचा फोन. “मेल अजून उघडली नाही हो. पण काकू सात वाजताच पेन ड्राइव्ह देऊन गेल्या ना! मशीन मोकळं होतं, पाचशे प्रती काढून टाकल्या. चेवडा फर्मास होता.”

चतुर्थीच्या दिवशी मंडपात स्मरणिका वाटली. संध्याकाळी आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. वय ८९. म्हणाले, “पान ७ पाहिलं. आरतीला रिक्षा पाठवणार, की शववाहिनी?”